पक्षी दिसला हे ठीक, पण किती मीटरवर?

जानेवारी २०१८ मधला एक रविवार. कोलंबियाच्या डोंगरांत खूप उंचावर सान पेद्रो दे लोस मिलाग्रोस नावाचं गाव आहे, तिथे रोदोल्फो कोरेआ पेन्या चर्चला निघाले होते आणि वाटेतल्या झुडपात त्यांना एक पक्षी दिसला, अंगाने फिका राखाडी, डोक्यावर तांबूस टोपी. नंतर फोटो निघाले, जाणकारांनी बघितले आणि कळलं की हा अँटिओकिया ब्रशफिंच आहे. या पक्ष्याबद्दल तोवर जे काही माहीत होतं ते सगळं म्युझियमच्या ड्रॉवरमधल्या तीन जुन्या नमुन्यांवरून. २००७ मध्ये ते नमुने नीट तपासून ही वेगळी जात आहे असं जाहीर झालं, पण त्यातला सगळ्यात अलीकडचा नमुनासुद्धा १९७१ चा. त्यामुळे पक्षी संपलाच असणार अशी धास्ती होती. आणि तो राहत होता कुठे, तर गुरांच्या कुरणांच्या कडेने उरलेल्या झुडपांमध्ये, मेडेयीनसारख्या मोठ्या शहरापासून फार लांबही नाही.

मला ही घटना फार आवडते, कारण यातून एक प्रश्न सरळ समोर येतो. अशा बातम्या, म्हणजे हरवलेला पक्षी सापडला, नवीन जात मिळाली, भलत्याच ठिकाणी पक्षी दिसला, या इतक्या वेळा उष्ण कटिबंधातल्या उंच डोंगरांमधूनच का येतात? अँडीज, न्यू गिनी, टांझानियाचे डोंगर, काँगोच्या पूर्वेचे डोंगर, नावं फिरून फिरून तीच. लोक म्हणतात जंगल दाट आहे, माणसं कमी जातात म्हणून. ते आहेच. पण खरं कारण माझ्या मते उंचीत आहे आणि ते एकदा लक्षात आलं की "नोंद घेण्यासारखा पक्षी" म्हणजे नेमकं काय याचा अर्थच बदलतो.

आधी आकडा बघू. कोलंबियात पक्ष्यांच्या १,९०० पेक्षा जास्त जाती नोंदल्या आहेत. सगळ्या युरोपात घरटी करणाऱ्या जाती मिळून सहाशेच्या आसपास. नुसतं उष्ण हवामान आणि भरपूर पाऊस एवढ्यानेच हे होत असतं तर ॲमेझॉनचं सपाट जंगल सगळ्यात पुढे असायला हवं होतं, आणि तिथे पक्षी प्रचंड आहेतच, पण जिथे अँडीजचा उतार सुरू होतो तिथे आकडा अजून उसळी मारतो. कारण उतारावर एकाखाली एक वेगवेगळी जंगलं रचलेली असतात आणि प्रत्येकाचे रहिवासी वेगळे.

हे रहिवासी आपापल्या पट्ट्यातच का राहतात, वरखाली का फिरत नाहीत? हवा दर हजार मीटरला साधारण सहा अंशांनी थंड होते, हे शाळेत शिकलेलो असतो. पण ते तर जगातल्या सगळ्याच डोंगरांवर होतं, मग उष्ण कटिबंधात वेगळं काय? वेगळं हे की तिथे वर्षभर तापमान जवळजवळ बदलतच नाही. क्विटो हे शहर विषुववृत्ताला लागून आणि २,८५० मीटरवर आहे, तिथे कुठल्याही महिन्याची सरासरी काढा, ती १४-१५ अंशांच्या आसपासच येते. याउलट बीजिंग घ्या, जानेवारीत शून्याच्या खाली आणि जुलैत सव्वीस-सत्तावीसच्या घरात. बीजिंगच्या बाजूला जन्मभर राहणाऱ्या पक्ष्याला दरवर्षी कडाक्याची थंडी आणि भाजणारं ऊन दोन्ही झेलावं लागतं, त्यामुळे तो जवळच्या डोंगरावर हजार मीटर वर गेला तरी तिथली हवा त्याच्या ओळखीचीच, हिवाळ्यात पायथ्याला अनुभवलेलीच असते. क्विटोच्या आसपासच्या पक्ष्याला मात्र पिढ्यान् पिढ्या एकच हवा माहीत, हजार मीटर खाली किंवा वर गेलं की वर्षातल्या कुठल्याच दिवशी त्याने न अनुभवलेलं तापमान. डॅनियल जॅन्झन या शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये हे मांडलं आणि त्याचं म्हणणं असं होतं की उष्ण कटिबंधातली खिंड ही प्राण्यांसाठी इतर ठिकाणच्या खिंडीपेक्षा "जास्त उंच" असते, उंची मीटरमध्ये तेवढीच असली तरी. मला हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा चूक वाटलं होतं, मग दोन दिवस डोक्यात घोळत राहिलं आणि मग एकदम पटलं.

अर्थात सगळं तापमानावर ढकलून चालत नाही. कोस्टा रिकात जिल जॅन्कोव्स्की आणि सहकाऱ्यांनी केलेलं काम २०१० मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात वुड-रेन नावाच्या चिमुकल्या पक्ष्याच्या दोन जाती होत्या, पांढऱ्या छातीचा खालच्या जंगलात आणि करड्या छातीचा वरच्या. दोघांची हद्द उतारावर एका ठिकाणी मिळते. तिथे हद्दीजवळच्या पक्ष्याला दुसऱ्या जातीचं गाणं स्पीकरवर ऐकवलं की तो चिडून अंगावर यायचा, आणि हद्दीपासून जसजसं लांब जाल तसतसा हा राग कमी, कारण तिथल्या पक्ष्याचा त्या शेजाऱ्याशी कधी संबंधच आलेला नसतो. म्हणजे हवा एक भिंत घालते आणि शेजारी दुसरी.

वरच्या पट्ट्यात राहणं सोपं नाहीच म्हणा. दिवसा ऊन आणि रात्री गोठवणारी थंडी, असं जवळजवळ रोजचं. चार-पाच ग्रॅम वजनाच्या हमिंगबर्डने अशा रात्री अंग गरम ठेवायचं म्हटलं तर सकाळपर्यंत शरीरातलं सगळं इंधन जळून जाईल. म्हणून ते रात्री जवळजवळ बंदच पडतात, याला टॉर्पर म्हणतात. पेरूमध्ये साधारण ३,८०० मीटरवर ब्लॅक मेटलटेल या हमिंगबर्डच्या शरीराचं तापमान रात्री ३.३ अंशांपर्यंत उतरलेलं मोजलं गेलं, २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं, तोवर कुठल्याच पक्ष्यात एवढं कमी तापमान कोणी मोजलेलं नव्हतं. फ्रिजच्या आत असतं तेवढं! हात लावला तर दगडासारखा गार लागेल असा तो पक्षी फांदीला धरून बसलेला असतो, आणि पहाटे आपोआप थरथरत गरम होऊन फुलांवर निघून जातो.

आता दुसरी गोष्ट, डोंगरमाथे म्हणजे बेटं. ज्या पक्ष्याला २,००० मीटरच्या खाली उतरायचंच नाही त्याच्यासाठी दोन माथ्यांमधली खोल दरी म्हणजे समुद्रच. हजारो, लाखो वर्षं दोन माथ्यांवरचे भाऊबंद एकमेकांना भेटत नाहीत आणि हळूहळू वेगळे होत जातात. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातली शोला जंगलं, म्हणजे उंच माथ्यांवरच्या गवताळ माळांमधली सदाहरित जंगलं, याचं फार चांगलं उदाहरण आहे. निलगिरीच्या माथ्यावर राहणारा निळा रॉबिन आणि पालघाट खिंडीच्या दक्षिणेचा पांढऱ्या पोटाचा निळा रॉबिन, बघायला भावंडं, पण मध्ये ती तीसेक किलोमीटरची सखल खिंड आणि ती ओलांडणं यांच्या स्वभावातच नाही. जनुकं तपासल्यावर लक्षात आलं की हे रॉबिन त्यांना आजवर ज्या गटांत टाकलं होतं त्यांच्यापैकी कोणाचेच नाहीत, आणि २०१७ मध्ये त्यांच्यासाठी शोलिकोला हा नवीन वंश केला गेला. शोला या शब्दावरूनच नाव. तिथल्या लाफिंगथ्रश पक्ष्यांनाही त्याच वेळी वेगळा वंश मिळाला.

अँडीजमध्ये हाच प्रकार अजून ताणलेला आहे कारण माथे जास्त, दऱ्या जास्त खोल. अँटपिटा नावाचे गोल गरगरीत, लांब पायांचे, जवळजवळ बिनशेपटीचे पक्षी तिथे जमिनीवर उड्या मारत फिरतात, रंग मातकट, सवय लपण्याची. रूफस अँटपिटा ही बराच काळ एक जात समजली जायची. २०२० मध्ये तिचे आणि तिच्या जवळच्या नातेवाइकाचे आवाज आणि जनुकं माथ्यामाथ्यांवरून गोळा करून तपासली गेली तेव्हा दोन समजल्या जाणाऱ्या जातींच्या सोळा निघाल्या, आणि त्यातल्या सहांना तर कधी नावच मिळालेलं नव्हतं. पिसांवरून यांतले कित्येक वेगळे ओळखता येत नाहीत, आवाजावरून येतात.

आवाजाबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं कारण बाहेरच्या माणसाला वाटतं पक्षीनिरीक्षण म्हणजे बघणं. ढगातल्या जंगलात, म्हणजे दीड-दोन हजार मीटरच्या वर जिथे रोज ढग झाडांमध्ये शिरतात तिथे, प्रत्येक फांदीवर हातभर शेवाळ, नेचे, ऑर्किड, खाली बांबूची गच्च जाळी आणि दुपारनंतर वीस पावलांवरचं झाड दिसत नाही. तासभर उभं राहा, पानांवरून टपटपणारं पाणी सोडून काही नाही. आणि मग एकदम वरून बारीक टिकटिक सुरू होते, एक टॅनेजर, दुसरा, तिसरा, सालीवर सरसरत चढणारा कोणीतरी, पानं उलटीपालटी करणारा कोणीतरी, दहा मिनिटांत वीस-पंचवीस जातींचा मिश्र थवा डोक्यावरून निघून जातो, आणि दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत निम्मे गेलेले असतात. परत सगळं चिडीचूप. अशा ठिकाणी ज्याचा कान तयार तो राजा. टेड पार्कर या अमेरिकन पक्षीतज्ज्ञाला चार हजारांच्या आसपास जातींचे आवाज ओळखता यायचे असं सांगतात. १९९३ मध्ये इक्वाडोरच्या डोंगरांवर जंगलाची पाहणी करताना विमान कोसळून ते गेले, वय फक्त चाळीस. आजही त्या भागात काम करणारे लोक त्यांनी रेकॉर्ड करून ठेवलेले आवाज ऐकून शिकतात.

आवाजावरून लागलेला सगळ्यात मोठा शोध म्हणजे होकोटोको अँटपिटा. नोव्हेंबर १९९७, दक्षिण इक्वाडोर, साधारण अडीच हजार मीटर. रॉबर्ट रिजली म्हणजे त्या देशाचे पक्षी कोळून प्यायलेला माणूस, आणि त्यांना पायवाटेवर एक आवाज आला जो त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता, घुबडाचं हुंकारणं आणि कुत्र्याचं भुंकणं यांच्या मधलं काहीतरी. सोबत्यांनी आवाज रेकॉर्ड केला, परत वाजवला आणि बांबूतून बाहेर आला तो डोळ्याखाली मोठा पांढरा ठिपका असलेला, चांगला वीत-दीड वीत उंचीचा पक्षी. एवढा मोठा पक्षी, अशी ठळक खूण आणि विज्ञानाला पत्ताच नाही! १९९९ मध्ये त्याला रीतसर नाव मिळालं, पण त्याच्या आधीच, १९९८ मध्ये, त्याचं जंगल विकत घेऊन राखण्यासाठी होकोटोको याच नावाची संस्था उभी राहिली. एका अनोळखी आवाजातून एवढं सगळं.

आता "हरवलेला पक्षी" हा शब्द आपण सर्रास वापरतो त्याचा अर्थ नीट समजून घेऊ. २०२१ पासून तीन संस्था मिळून अशा पक्ष्यांचा जगभर शोध घेताहेत, त्यांची व्याख्या सोपी आहे, दहा वर्षांपेक्षा जास्त काळ ज्याचा फोटो नाही, आवाजाचं रेकॉर्डिंग नाही, नमुना नाही, पण जो नामशेष म्हणून जाहीरही झालेला नाही, तो हरवलेला. म्हणजे कोणी "मी बघितला" असं सांगितलं तरी पुरावा नसेल तर तो हरवलेल्या यादीतच राहतो. कठोर वाटतं, पण त्याला इलाज नाही.

कोलंबियाच्या सान्ता मार्ता पर्वताचं उदाहरण घेण्यासारखं आहे. हा पर्वत अँडीजपासून सुटा, एकटा, कॅरिबियन समुद्राच्या काठापासून चाळीसेक किलोमीटरवर थेट ५,७०० मीटरपर्यंत चढलेला. सुटा असल्यामुळे इथे आणि फक्त इथेच सापडणारे वीसच्या वर पक्षी आहेत. त्यातला निळ्या दाढीचा हेल्मेटक्रेस्ट हा हमिंगबर्ड १९४६ नंतर कोणालाच दिसला नव्हता, मार्च २०१५ मध्ये दोन जण तिथल्या उंच गवताळ माळावर लागणाऱ्या आगींची नोंद करायला गेले होते, पक्ष्याच्या शोधात नाहीच, आणि तो समोर आला. याच पर्वतावरचा सान्ता मार्ता सेबरविंग, पाचूसारखा हिरवा, गळा चमकदार निळा, हाही १९४६ नंतर फक्त एकदा २०१० मध्ये कॅमेऱ्यात आला होता. जुलै २०२२ मध्ये युर्गन वेगा हे पक्षीनिरीक्षक तिथली पाहणी आटोपून परत निघाले असताना त्यांना तो दिसला, फांदीवर बसला आणि फोटो मिळाला.

पेरूतला लांब मिशांचा पिंगळा तर त्याहून वरचढ. १९७६ मध्ये तो जाळ्यात सापडला म्हणून माहीत झाला, तेरा-चौदा सेंटीमीटरचा, तोंडाभोवती केसांसारखी लांब पिसं. नंतर कधीमधी जाळ्यातच सापडायचा. पण जंगलात आपापला बसलेला, मोकळा, तो पहिल्यांदा दिसला २००७ मध्ये, शोध लागून एकतीस वर्षं झाल्यावर. दोन हजार मीटरच्या आसपासच्या एका अरुंद पट्ट्यातल्या ओल्या जंगलात तो राहतो, आणि आता आवाज माहीत झाल्यामुळे शोधणाऱ्याला निदान कुठे कान लावायचा ते कळतं.

या सगळ्या कथांमध्ये स्थानिक माणसांचा वाटा किती असतो हे बातमीच्या मथळ्यात येत नाही याचं मला वाईट वाटतं. पापुआ न्यू गिनीच्या फर्ग्युसन बेटावरचं काळ्या मानेचं फेझंट-पिजन, जमिनीवर चालणारं कोंबडीएवढं कबुतर, १८८२ नंतर विज्ञानाच्या नोंदीतच नव्हतं. २०२२ मध्ये एक टीम महिनाभर तिथे होती, कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप टिपणारे कॅमेरे, लावत लावत चढत होती आणि काही मिळत नव्हतं. मग ऑगस्टीन ग्रेगरी या शिकाऱ्याने सांगितलं की मी हा पक्षी अमुक धारेवर, अमुक दरीच्या बाजूला पाहिलाय, आवाजही ऐकलाय. तिथे कॅमेरा लावला, आणि मुक्काम संपता संपता एका कॅमेऱ्यात पक्षी शेपटी हलवत चालताना सापडला. १४० वर्षं हरवला होता तो आपल्यासाठी, त्या गावासाठी नव्हे. टांझानियाच्या उड्झुंग्वा डोंगरातली तित्तिरासारखी एक जात १९९१ मध्ये अशीच उजेडात आली, कॅम्पवर शिजायला टाकलेल्या पक्ष्याचे पाय भांड्यात बघून अभ्यासकांच्या लक्षात आलं की हे पाय ओळखीच्या कुठल्याच पक्ष्याचे नाहीत. आणि पुढे कळलं की याचे जवळचे नातेवाईक आफ्रिकेत नाहीत, आशियातल्या डोंगरी तित्तिरांमध्ये आहेत.

शोध चुकीच्या उंचीवर चालला तर काय होतं याचंही उदाहरण आहे. मादागास्करचा डस्की टेट्राका १९९९ नंतर दिसला नव्हता, तो डोंगरी जंगलातला पक्षी असंच समजून लोक वर शोधत राहिले. डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ मध्ये तो सापडला तेव्हा नदीकाठच्या गच्च झाडोऱ्यात जमिनीलगत वळवळत होता, आणि तोही अपेक्षेपेक्षा खाली.

इथपर्यंत ज्या नोंदी सांगितल्या त्या सहज बातमी होणाऱ्या. पण मला ज्यांची जास्त काळजी वाटते त्या नोंदी दिसायला अगदी साध्या असतात, नेहमीचा पक्षी, फक्त दोनशे मीटर वर. कोस्टा रिकातल्या मोन्तेवेर्दे इथल्या ढगांच्या जंगलात केत्झाल राहतो, हिरव्या-लाल रंगाचा, नराची शेपटी हात-दीड हात लांब. झाडाच्या ढोलीत घरटं करतो. तिथे खालच्या जंगलातला मोठ्या चोचीचा टूकन हळूहळू वर येऊन राहायला लागला, १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी हे प्रसिद्ध केलं. पर्यटकाच्या दृष्टीने काय, एकाच फेरीत टूकन पण मिळाला आणि केत्झाल पण, दिवस सार्थकी! पण टूकन दुसऱ्यांची अंडी-पिल्लं खातो, आणि केत्झालला हा शेजारी पूर्वी नव्हता.

न्यू गिनीत हे मोजलंच गेलं. जॅरेड डायमंड यांनी १९६० च्या दशकात कारिमुई पर्वत आणि कारकार बेट इथे कुठला पक्षी किती उंचीपासून किती उंचीपर्यंत राहतो हे नोंदवून ठेवलं होतं. २०१२ मध्ये बेंजामिन आणि अलेक्झांड्रा फ्रीमन हे जोडपं त्याच उतारांवर परत गेलं. मधल्या काळात तापमान वाढलं होतं जेमतेम ०.४ अंश, आणि पक्ष्यांच्या वरच्या हद्दी सरासरी शंभर मीटरच्या पुढे सरकल्या होत्या. पांढऱ्या पंखांचा रॉबिन कारिमुईच्या माथ्यालगतच्या साधारण ३०० मीटरच्या पट्ट्यात असायचा, तो आता शेवटच्या १२० मीटरच्या आसपास उरला. डोंगर वर निमुळता होत जातो हे ध्यानात घ्या, म्हणजे पट्टा नुसता अरुंद झाला नाही, त्यातली जमीनही आक्रसली.

पेरूतल्या पांतियाकोया नावाच्या डोंगररांगेवरही असंच. माथा जेमतेम १,४०० मीटरचा, मुख्य अँडीजपासून थोडा सुटा. १९८५ मध्ये पाहणी झाली, २०१७ मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी त्याच वाटेने, त्याच पद्धतीने पुन्हा केली. वरच्या भागातले बहुतेक पक्षी संख्येने आणि जागेने कमी झालेले, आणि माथ्यावरचे पूर्वी सहज दिसणारे काही पक्षी सापडलेच नाहीत. याला सरकत्या जिन्याची उपमा देतात, जिना वर नेतो आणि वरच्या टोकाला मजलाच नसतो.

म्हणून मी सगळ्यांना सांगत असतो की उंची लिहा. ई-बर्डसारख्या ठिकाणी, म्हणजे पक्षीनिरीक्षक दिसलेल्या पक्ष्यांच्या याद्या टाकतात त्या संकेतस्थळावर, जे २००२ पासून चालू आहे, तुम्ही टाकलेली विचित्र नोंद आधी आपोआप अडते आणि मग त्या भागातला एखादा जाणकार स्वयंसेवक ती बघतो, फोटो मागतो, आवाज मागतो, वर्णन मागतो. यात कोणी रागवायचं कारण नाही. पण ही आपोआप अडवण्याची चाळणी सहसा प्रदेश, तारीख आणि संख्या बघते, उंची बघत नाही. एकाच जिल्ह्यात ५०० मीटर पण असतात आणि ३,००० पण, आणि त्या जिल्ह्यात तो पक्षी नेहमीचा असेल तर ८०० मीटर चुकीच्या जागी दिसलेला पक्षी चाळणीतून सरळ निघून जातो. दुसरं म्हणजे सकाळी माथ्यावरून निघून दुपारी पायथ्याला पोचलो आणि सगळ्याची मिळून एकच यादी टाकली, की कुठला पक्षी कुठल्या पट्ट्यात होता ही माहिती कायमची गेली. उतरताना दर दोन-तीनशे मीटरला यादी बंद करून नवीन सुरू करा, कंटाळवाणं आहे, मान्य, पण करा. मोबाइलच्या जीपीएसवर उंचीचा आकडा कधीकधी बराच चुकतो, आडवी जागा जेवढी बरोबर येते तेवढी उभी येत नाही, तेव्हा नकाशावरच्या उंचीच्या रेषांशी ताडून बघितलेलं बरं. ऋतूही लिहाच, तो तारखेतून येतो, कारण केत्झालसारखे पक्षी वीण झाली की फळांच्या मागे खाली उतरतात आणि मग खाली दिसलेला पक्षी म्हणजे हद्द सरकली असा अर्थ होत नाही.

पुरावा मिळवण्यासाठी पक्ष्याला छळू नये हेही सांगायला पाहिजे. आवाज वाजवून पक्षी बाहेर काढता येतो, होकोटोको तसाच निघाला, पण रोज दहा ग्रुप येऊन तोच कॉल वाजवायला लागले तर त्या पक्ष्याचा दिवस न आलेल्या शत्रूशी भांडण्यात जातो. याच्या अगदी उलटं काम इक्वाडोरमध्ये मिंदोजवळ आंखेल पाझ या शेतकऱ्याने केलं. त्यांनी २००५ च्या सुमारास जायंट अँटपिटाला गांडुळं देऊन देऊन ओळख केली, तिचं नाव ठेवलं मारिया, नावाने हाक मारली की ती बांबूतून वाटेवर यायची, आणि तोवर जो पक्षी बघायला लोक आठवडे घालवायचे तो त्यांच्या जमिनीवर सकाळच्या उजेडात समोर उभा राहायला लागला. त्या येणाऱ्या लोकांवर त्यांचं जंगल टिकलं. खाणं घालण्याबद्दल मतभेद आहेत आणि मला ते समजतात, तरी इथे कुऱ्हाड थांबली हे मी जास्त मोलाचं मानतो. पिंजऱ्यासाठी पकडले जाणारे किंवा अगदी मोजके उरलेले पक्षी असतील तर नेमकी जागा उघड न करणं हे तर ठरलेलंच आहे, ई-बर्डसुद्धा अशा जातींची जागा लपवून ठेवतं.

आणि जे दिसलं नाही त्याचं काय? यादी पूर्ण असेल, म्हणजे ओळखलेला प्रत्येक पक्षी त्यात टाकलेला असेल, कावळ्या-चिमण्यांसकट, तरच "त्या दिवशी तो तिथे आढळला नाही" असं पुढे कोणालातरी म्हणता येतं. नुसते खास पक्षी टाकले तर गैरहजेरी वाचताच येत नाही. पांतियाकोयाच्या माथ्यावर २०१७ मध्ये न सापडलेल्या पक्ष्यांची नावं आज आपल्याला घेता येतात, ती १९८५ मध्ये तिथे दिसलेलं सगळं, साधं असो की दुर्मिळ, कोणीतरी उंचीसकट लिहून ठेवलं होतं म्हणून.